लांब पल्ल्याची बचत: मोजके फंड, कमी उठाठेव आणि एक लिहून ठेवलेलं पान

निरगाठ

वीस-पंचवीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांबद्दल हा धागा आहे. निवृत्तीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, किंवा नेमके कशासाठी ते ठरलेलं नाही पण लागणार हे नक्की, असे पैसे. ज्यांना रोज बाजार बघायला वेळ नाही, पण घामाचे पैसे नीट वाढावेत असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी. अमुक शेअर घ्यावा का, पुढच्या महिन्यात बाजार कुठे जाईल, हे विषय इथे नकोत. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

माझं म्हणणं आधी मांडतो.

पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या सगळ्या गुंतवणुकीच्या संचात, किती फंड आहेत यावरून तो विविध आहे की नाही हे ठरत नाही. त्यातल्या गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी पडतात का, यावरून ठरतं. कंपन्यांचा नफा घटला की शेअर पडतात. व्याजदर चढले की आधी घेतलेल्या रोख्यांचा (बाँड, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचे कागद) भाव उतरतो. महागाई वाढली की नुसती पडून असलेली रोख रक्कम झिजते. लोकांना बँकेत चांगलं व्याज मिळू लागलं आणि धास्ती ओसरली की सोनं वर्षानुवर्षं मागे पडतं. या चारही गोष्टी एकाच वेळी होण्याची शक्यता कमी, म्हणून त्यांची सांगड घालायची. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली हेच गणितात मांडलं: गुंतवणुकीची जोखीम सुटी सुटी मोजून भागत नाही, ती बाकीच्यांच्या जोडीने कशी हलते ते पाहावं लागतं. त्यासाठी १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि स्वतःच्या निवृत्तीच्या बचतीचं त्यांनी काय केलं? सरळ निम्मे शेअर, निम्मे रोखे. पुढे हळहळ वाटू नये म्हणून, असं त्यांनीच नंतर सांगितलं होतं. ज्या माणसाने सूत्र शोधलं त्यालाही झोप लागेल असं वाटप महत्त्वाचं वाटलं. मी या गोष्टीला फार मानतो.

दुसरं, कमी देखभाल म्हणजे दुर्लक्ष नव्हे. घ्यायचे ते निर्णय शांत डोक्याने आधी घ्यायचे, एका पानावर लिहायचे आणि मग त्या पानाप्रमाणे वागायचं. बाजार पडलेला असताना डोकं चालवायची वेळच येऊ नये.

सांगाडा असा: जगभरच्या कंपन्या धरणारे एक किंवा दोन इंडेक्स फंड (व्यवस्थापकाने निवड न करता निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्याच प्रमाणात घेणारे फंड), चांगल्या प्रतीच्या रोख्यांचा एक फंड, हवं असेल तर थोडं सोनं. बोलण्यापुरतं ६० टक्के, ३० टक्के, १० टक्के असं धरू. प्रमाण ज्याचं त्याने ठरवावं, त्यावर पुढे बोलूच. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला आहे आणि कमावत्या माणसाचा पुरेसा विमा उतरवलेला आहे, हे मी गृहीत धरलंय. ते नसेल तर आधी ते करा.

---

चाफेकळी

वाचतेय. चांगला विषय.

---

ओंजळ

अगदी वेळेवर धागा आला. माझ्याकडे अकरा फंड आहेत. दरवर्षी कुणीतरी काहीतरी सुचवलं की एक वाढला. तरी मागच्या पडझडीत सगळे एकत्रच पडले. अकरा घेऊन विविधता येत नाही तर मग नेमकी कशाने येते, हे कुणी हाताला धरून सांगेल का? कुठून सुरुवात करू?

---

हिशेबी

ओंजळ, एक काम करा. अकराही फंडांची ताजी महिन्याची माहितीपत्रकं उघडा. प्रत्येकात सगळ्यात मोठ्या दहा कंपन्यांची यादी असते, शेजारी टक्केवारी. एका कागदावर डावीकडे कंपन्यांची नावं आणि वरच्या ओळीत फंडांची नावं लिहून तक्ता आखा, आणि ज्या फंडात जी कंपनी आहे तिथे टक्केवारी भरा. तासाभराचं काम आहे.

बहुतेकदा असं दिसतं की पाच-सहा ओळी आडव्या गच्च भरल्यात आणि बाकीच्या विरळ आहेत. म्हणजे त्याच पाच-सहा कंपन्या तुम्ही वेगवेगळ्या वेष्टनात पुन्हा पुन्हा विकत घेतल्यात, आणि प्रत्येक वेष्टनाचं वेगळं शुल्क भरताय.

तोच तक्ता झाला की शेवटी प्रत्येक फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड दरवर्षी खर्चापोटी कापून घेतो ती टक्केवारी, लिहा. तो आकडा लहान दिसतो म्हणून लोक सोडून देतात. १ लाख एकदाच गुंतवले आणि ३० वर्षं ८ टक्क्यांनी वाढले तर साधारण १०.०६ लाख होतात. खर्चात १ टक्का जाऊन हातात ७ टक्केच आले तर ७.६१ लाख. दरवर्षीच्या त्या एका टक्क्याने शेवटच्या रकमेतला जवळपास पाव हिस्सा नेला. बाजार काय देईल हे आपल्या हातात नाही. खर्च किती द्यायचा हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून मी सुरुवात कायम तिथूनच करतो.

---

कातळ

मी तिशीच्या आत आहे. मला निवृत्तीला तीस वर्षं आहेत. एवढ्या काळात शेअर सगळ्यांच्या पुढे जातात हे सगळेच सांगतात. मग रोख्यांत ३० टक्के अडकवून परतावा कमी का करू? शंभर टक्के शेअरमध्ये ठेवून विसरून गेलो तर त्यापेक्षा कमी देखभाल कुठली?

---

निरगाठ

कातळ, रास्त प्रश्न आहे. तुमच्या वयाला शेअरचं प्रमाण जास्त हवं हे मलाही मान्य. ८० टक्के, अगदी ९० टक्केही चालेल. माझा अडसर "विसरून गेलो" या शब्दांपाशी आहे.

२००८ साली अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, एसअँडपी ५००, लाभांश धरूनही ३७ टक्के पडला. त्याच वर्षी तिथल्या चांगल्या रोख्यांनी ५ टक्क्यांच्या आसपास दिले. आज तुमची बचत दोन-तीन लाख असेल तर ३७ टक्के सोसवतील. पंधरा वर्षांनी तीच बचत तुमच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी झालेली असेल, घरात लहान मुलं असतील, आणि अशा मंदीत नोकरीही डळमळते. तेव्हाचे ३७ टक्के वेगळे असतात. रोखे परतावा वाढवायला नसतात. त्या दिवशी तुम्ही शेअर विकून बाहेर पडू नये, यासाठी ते असतात. आणि पडलेल्या भावात शेअर घ्यायला पैसे कुठून आणायचे, याचंही उत्तर तेच.

५० टक्के पडल्यावर मूळ जागी यायला १०० टक्के चढावं लागतं. २० टक्के पडल्यावर २५ टक्के पुरतात. या दोन आकड्यांमधली दरी नीट बघा, सगळं त्यातच आहे.

---

जुनापार

कातळसाठी थोडी भर घालतो. "तीस वर्षांत शेअर पुढे जातातच" असं म्हणताना कुठल्या देशाचे शेअर, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला. त्या वेळी जपान सगळ्या जगाला मागे टाकणार असं शहाणीसुरती माणसं सांगत होती. त्यानंतर तो घसरत २००९ मध्ये ७,००० च्या आसपास आला. १९८९ ची ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. मधल्या काळात लाभांश मिळाले, दरमहा थोडं थोडं घालणाऱ्याची सरासरी खालच्या भावांनी सुधारली, हे खरं. पण आयुष्यभराची पुंजी शिखरावर एकाच देशाच्या शेअरमध्ये असलेल्या माणसाला त्याचा फारसा दिलासा नव्हता. कारण पैसे लागण्याची वेळ बाजाराची वाट बघत नाही.

मी कुठल्या देशाला नावं ठेवत नाहीये. पुढचा जपान कोणता हे कुणालाच आधी कळत नाही, म्हणून जगभर पसरलेला फंड. आपल्याच देशाचे शेअर ओळखीचे वाटतात. पण आपली नोकरी, आपलं घर, आपलं चलन आधीच त्याच देशाशी बांधलेलं असतं. बचतही तिथेच ठेवली तर सगळ्याच गोष्टी एकदम अडचणीत येतात.

---

दीपमाळ

जुनापार यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्याच सुरात एक गोष्ट. आपण ज्या कंपनीत काम करतो तिचेच शेअर साठवत राहू नयेत. एन्रॉन ही अमेरिकेतली बडी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ती कोसळण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या बचतीतला निम्म्याहून मोठा भाग एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. नोकरी गेली आणि बचतही गेली, एकाच कारणाने. कंपनीवर निष्ठा असावी, ती कामात दाखवावी. बचतीत नको.

---

वाटसरू

सोन्याला फक्त १० टक्के? आणि तेही "हवं असेल तर"? संकटात शेवटी सोनंच उभं राहतं. मी तर निम्मी बचत सोन्यात ठेवावी या मताचा आहे.

---

हिशेबी

वाटसरू, सोन्याला माझा विरोध नाही, प्रमाणाला आहे. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरच्या आसपास पोचलं होतं. १९९९ पर्यंत उतरत २५० च्या घरात आलं. ८५० ची पातळी परत दिसली २००८ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, आणि तोवर महागाईने डॉलरची किंमत बरीच खाल्ली होती. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, रोख्यामागे व्याज असतं. सोनं नुसतं असतं. ते पुढच्या माणसाने जास्त भाव दिला तरच वाढतं.

तरी ५ ते १० टक्के ठेवण्यात अर्थ आहे. त्याची चाल शेअरपेक्षा वेगळी असते, आणि धागाकर्त्यांनी वर म्हटलंय तसं वेगळ्या कारणांनी हलणारी गोष्ट हवीच. फक्त दागिने यात मोजू नका. घडणावळ गेलेली असते आणि दागिना मोडायला घरातलं कुणी सहज तयार होत नाही.

---

वाटसरू

१९८० चा आकडा माहीत नव्हता. विचार करतो. निम्म्यावरून एकदम दहावर यायला मन तयार नाही, पण नवी भर काही वर्षं दुसरीकडे घालायला हरकत नाही.

---

निरगाठ

वाटसरू, तेच करा. काही विकायची गरज नाही. नव्या पैशानेच प्रमाण हळूहळू जागेवर येईल.

---

पारवा

रोख्यांबद्दल एक शंका. २०२२ मध्ये अमेरिकेत शेअर १८ टक्के पडले आणि रोख्यांचा व्यापक निर्देशांकही १३ टक्के पडला. दोन्ही एकत्र. मग "वेगवेगळ्या कारणांनी पडतात" या बोलण्याचं काय झालं?

---

जुनापार

उत्तम शंका, आणि तिला बगल देऊन चालणार नाही.

२०२२ मध्ये महागाई भडकली आणि मध्यवर्ती बँकांनी व्याजदर भराभर वाढवले. दर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कुणी पूर्वीचा भाव देत नाही, म्हणून तो पडतो. किती पडेल याचा अंदाज फंडाच्या माहितीपत्रकातच असतो. तिथे ड्युरेशन नावाचा एक आकडा दिलेला असतो. तो ७ असेल तर दर १ टक्का वाढल्यावर भाव साधारण ७ टक्के उतरतो. २ असेल तर २ टक्के. त्या आधीची कित्येक वर्षं व्याजदर तळाला होते, त्यामुळे पडझड पचवायला व्याजाची उशीही नव्हती.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, रोखे म्हटलं की सगळे सारखे नसतात. मंदी येते तेव्हा रोखे शेअरना सावरतात. महागाई अचानक भडकते तेव्हा दोघांनाही एकदम फटका बसतो. ड्युरेशन मध्यम किंवा कमी ठेवलं तर हा फटका आटोक्यात राहतो. ज्या देशात महागाईशी जोडलेले सरकारी रोखे मिळतात तिथे त्यांचा एक हिस्सा ठेवावा. दोन, विविधता म्हणजे कधीच तोटा नाही असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. सगळंच एकदम कोसळू नये आणि सावरायला आयुष्य पुरावं, एवढीच तिची ग्वाही.

एक लक्षात घ्या, व्याजदर वाढल्यावर रोख्यांच्या फंडात येणारं नवं व्याजही वाढतं. ड्युरेशनइतकी वर्षं थांबलेल्या माणसाचं बरंचसं नुकसान त्या वाढीव व्याजाने भरून निघतं. म्हणून ज्या पैशाची गरज तीन वर्षांत आहे त्यासाठी सात ड्युरेशनचा फंड घेऊ नये.

---

पारवा

आता कळलं. ड्युरेशन कुठे बघायचं हेच माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

कातळ

इंडेक्स फंडच का पण? चांगला व्यवस्थापक शोधला तर तो बाजाराच्या पुढे जाईल ना?

---

हिशेबी

काही जातात. कोण जाईल हे आधी ओळखणं अवघड, आणि वीस वर्षं तोच पुढे राहील हे त्याहून अवघड. सगळ्या गुंतवणूकदारांची सरासरी म्हणजेच बाजार. त्यातून खर्च वजा केला की सरासरी माणूस बाजाराच्या मागे पडणारच, हे साधं वजाबाकीचं गणित आहे. इंडेक्स फंड ही वजाबाकी लहान ठेवतो.

जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी पहिला इंडेक्स फंड काढला तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले जेमतेम १.१ कोटी. "सरासरीवर समाधान कोण मानेल" असं लोक म्हणत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वॉरन बफे यांची पैज मात्र मी मुद्दाम सांगेन. १ जानेवारी २००८ ते ३१ डिसेंबर २०१७ अशी दहा वर्षं. एका बाजूला एसअँडपी ५०० चा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला निवडक हेज फंडांत (श्रीमंतांसाठीचे, जास्त शुल्क घेणारे फंड) पैसे घालणारे पाच फंड. पहिल्याच वर्षी इंडेक्स फंड ३७ टक्के पडला आणि पाचही फंड त्याच्या पुढे होते. दहा वर्षांनी इंडेक्स फंडाची वाढ १२५.८ टक्के झाली होती, पाचांतल्या सर्वोत्तम फंडाची ८७.७ टक्के. २००८ च्या शेवटी ज्याने फक्त एक वर्ष पाहून निर्णय घेतला असता त्याने हमखास चुकीचा घोडा धरला असता.

---

दीपमाळ

मला या धाग्यात एक विषय आणायचा आहे, कारण तो कुणी काढत नाही. मी अनेक वर्षं हिशेब तपासणीचं काम केलं. घरातला एकच माणूस सगळे व्यवहार बघतो, आणि तो आजारी पडला किंवा गेला की बाकीच्यांना काय कुठे आहे याचा पत्ता नसतो. अकरा फंड, चार खाती, तीन ठिकाणी जुने पत्ते, दोन ठिकाणी नामांकनच नाही. दुःखात असलेल्या बाईला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे मी जवळून पाहिलंय आणि ते टाळता येण्यासारखं असतं, म्हणून जीव तुटतो.

कमी देखभालीचा पोर्टफोलिओ याची खरी कसोटी माझ्या लेखी ही आहे: घरात ज्याला या विषयात रस नाही, त्याला तो उद्या एका पानावरून चालवता येईल का? येत नसेल तर तो साधा नाही, कितीही हुशारीने बांधलेला असो.

निरगाठ, तुम्ही पानाचा उल्लेख केलात. त्यावर नेमकं काय लिहावं, ते विस्ताराने सांगाल का?

---

निरगाठ

दीपमाळताई, मनापासून धन्यवाद. हा मुद्दा मी पहिल्याच पोस्टमध्ये घ्यायला हवा होता.

पान असं असावं. सगळ्यात वर पैसे कशासाठी आणि साधारण कोणत्या वर्षी लागणार. त्याखाली ठरलेलं प्रमाण आणि ते का ठरवलं याचं एक वाक्य. हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण पाच वर्षांनी आपल्यालाच कारण आठवत नाही आणि मग प्रमाण बदलायचा मोह होतो. मग प्रत्येक फंडाचं पूर्ण नाव, खातं कुठे आहे, दुसरा धारक कोण, नामांकन कुणाचं. दरमहा किती रक्कम कुठल्या तारखेला आपोआप जाते. पगार वाढला की ती किती वाढवायची.

त्यानंतर प्रमाण जागेवर आणायचा नियम. माझा असा आहे: वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात बघायचं. शेअरचा हिस्सा ठरलेल्यापेक्षा ५ टक्क्यांच्या आत हललेला असेल (६० ठरलं असेल तर ५५ ते ६५) तर काही करायचं नाही. त्याबाहेर गेला तरच हात लावायचा.

उदाहरण घेऊ. एकूण १० लाख. शेअर ६ लाख, रोखे ३ लाख, सोनं १ लाख. वर्षात शेअर ३० टक्के पडले, रोखे ५ टक्के वाढले, सोनं १० टक्के वाढलं. आता शेअर ४,२०,०००, रोखे ३,१५,०००, सोनं १,१०,०००, एकूण ८,४५,०००. शेअर ३० टक्के कोसळूनही एकूण घट साडेपंधरा टक्के आहे. शेअरचा हिस्सा मात्र ६० वरून जवळपास ५० वर आलाय, म्हणजे नियम लागू. ८,४५,००० चे ६० टक्के ५,०७,०००. रोख्यांतून ६१,५०० आणि सोन्यातून २५,५०० काढायचे, शेअरमध्ये ८७,००० घालायचे. संपलं. पुढच्या वर्षापर्यंत फाइल बंद.

ज्या दिवशी सगळी चर्चा "शेअर संपले" अशी चाललेली असते त्या दिवशी हे ८७,००० घालायला हात धजत नाही. म्हणून नियम आधी लिहायचा.

---

हिशेबी

यात एक जोड. विकलं की बहुतेक ठिकाणी कर लागतो. ज्यांची दरमहा बचत चालू आहे त्यांनी न विकता नवी भर शेअरकडे वळवावी. पण ८७,००० घातले की झालं असं नाही, कारण नव्या पैशाने एकूण रक्कमही वाढते. वरच्याच आकड्यांत शेअर परत ६० टक्के व्हायला नवे २,१७,५०० लागतील. दरमहा २०,००० जात असतील तर साधारण अकरा महिने सगळी भर शेअरमध्ये. बचतीची सुरुवातीची वर्षं असतील तर हाच मार्ग चांगला. पुढे साठलेली रक्कम भरीच्या तुलनेत खूप मोठी झाली की थोडं विकावंच लागतं.

---

कातळ

वर्षातून एकदाच बघायचं हे जमणं कठीण आहे. ॲप हातातच असतं.

---

जुनापार

ॲपमधल्या सूचना बंद करून टाका, मी गंभीरपणे सांगतोय. बेनार्त्झी आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे मांडलं होतं: तोट्याचं दुःख नफ्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं, आणि जितक्या वेळा बघावं तितक्या वेळा तोटा दिसण्याची शक्यता जास्त. रोज बघणाऱ्याला जवळजवळ निम्मे दिवस लाल दिसतं. वर्षाने बघणाऱ्याला ते खूप कमी वेळा दिसतं. गुंतवणूक तीच, पण रोज बघणाऱ्याला ती जास्त धोक्याची वाटू लागते आणि तो शेअर कमी करतो.

---

पारवा

शेवटच्या वर्षांचं काय? समजा मुलीच्या शिक्षणाला पैसे लागायच्या आदल्या वर्षी बाजार पडला तर?

---

निरगाठ

ते पानावर वेगळी ओळ म्हणून लिहावं. पैसे लागायच्या पाच-सहा वर्षं आधीपासून दरवर्षी थोडा थोडा हिस्सा शेअरमधून कमी ड्युरेशनच्या रोख्यांत आणायचा. शेवटच्या दोन वर्षांत लागणारी रक्कम शेअरमध्ये नसावीच. बाजार त्या वर्षी जोरात चढत असला तरी. शिक्षणाची तारीख पुढे ढकलता येत नाही. निवृत्ती वेगळी, तिथे सगळी रक्कम पहिल्या दिवशी लागत नाही, त्यामुळे काही हिस्सा निवृत्तीनंतरही शेअरमध्ये राहायला हवा. पण पहिल्या काही वर्षांचा खर्च सुरक्षित जागी असू द्या. काढायला सुरुवात करतानाच मोठी पडझड झाली तर पडलेल्या भावात विकावं लागतं आणि ते युनिट परत येत नाहीत.

ज्यांना हे हाताने करायचं नाही त्यांच्यासाठी निवृत्तीचं वर्ष नावातच असलेले फंड काही देशांत मिळतात. ते हे सगळं आपोआप करतात. खर्च वाजवी असेल आणि आत इंडेक्स फंडच असतील तर तो एकच फंड पुरे. अनेकांसाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे असं मी म्हणेन.

---

चाफेकळी

राहतं घर यात मोजायचं का?

---

हिशेबी

नाही. ते विकलं तरी राहायला दुसरं लागणार. भाड्याने दिलेलं असेल तर मोजा, पण लक्षात असू द्या की ती एका गावातली एक वास्तू आहे, आणि तिचा दहावा हिस्सा विकून प्रमाण जागेवर आणता येत नाही.

---

ओंजळ

सगळे प्रतिसाद वाचले आणि तक्ता केला. अकरापैकी सात फंडांत पहिल्या पाच कंपन्या त्याच आहेत. रोखे कुठेच नाहीत. म्हणजे माझ्याकडे एकच गोष्ट होती, अकरा नावांनी.

माझं पान असं ठरवतेय: पैसे २२ वर्षांनी लागणार. जगभरच्या शेअरचा एक इंडेक्स फंड आणि देशातला एक, मिळून ७० टक्के. मध्यम ड्युरेशनचे रोखे २५, सोनं ५. कारण म्हणून लिहिलंय, "मला मागच्या पडझडीत झोप लागत नव्हती, म्हणून ९० नाही." दरवर्षी पगारवाढीच्या महिन्यात बघणार.

पण जुन्या अकरांचं काय करू? सगळे एकदम विकले तर कर बराच बसेल.

---

हिशेबी

एकदम विकू नका. सगळ्यात आधी त्या अकरांत जाणारी नवी भर थांबवा आणि ती नव्या फंडांत वळवा, ते आजच होईल. मग तक्त्यात आणखी एक रकाना वाढवा: आज विकलं तर नफा किती. जे तोट्यात किंवा किरकोळ नफ्यात आहेत ते आधी काढा, कर नगण्य लागेल. लवकर विकलं म्हणून फंड काही टक्के कापून घेतो का तेही तपासा, तो काळ संपत आला असेल तर थांबा. मोठ्या नफ्यातले दोन-तीन उरतील. त्यांचा खर्च कमी असेल तर राहू द्या आणि शेअरच्या ७० टक्क्यांत मोजा. खर्च जास्त असेल तर तुमच्याकडे करमाफीची वार्षिक मर्यादा असल्यास दरवर्षी तेवढाच नफा काढत जा. दोन-चार वर्षं लागली तरी बिघडत नाही.

---

दीपमाळ

आणि ओंजळ, नवे फंड उघडतानाच नामांकन आणि दुसरा धारक भरा, नंतर करू म्हणून ठेवू नका. पानाची एक प्रत घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून वाचून दाखवा. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे पानात राहून गेलेली एक ओळ.

---

ओंजळ

आज रात्री बहिणीला वाचून दाखवते, नामांकन तिचंच आहे. तिने काय विचारलं ते उद्या इथे लिहीन.

---

ओंजळ

तिने दोन प्रश्न विचारले. "तुझं काही झालं तर मी हे विकायचं की चालू ठेवायचं?" आणि "बाजार पडलेला असेल तर?" दोन्हीची उत्तरं पानात नव्हती.

---

दीपमाळ

बहिणीचे दोन्ही प्रश्न नेमके आहेत. असं लिही: "पहिले सहा महिने काही विकू नकोस. तोवरच्या खर्चासाठी अमुक बँकेत वेगळी रक्कम आहे. नंतर तुला पैसे ज्या वर्षी लागणार असतील त्याप्रमाणे, आधी रोख्यांतून काढ." आणि ते खातं दोघींच्या नावावर करून घे, कारण नामांकन असलं तरी रक्कम हातात यायला वेळ लागतो.